उलट्या उताराचं वळण

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानत नाही. धर्मांतरानंतर आमच्या घरातून देव गेले, तेव्हाच भुतंही गेली. त्यात मी शाळेत विज्ञान शिकवायचो. तेव्हा हे वाचून कोणी मला गंडेदोरे सुचवू नयेत... राग येतो मला.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी घडलेली गोष्ट. जालना तेव्हा जिल्हा नव्हता. बहीण शकू बाळंतपणाला माझ्याकडे जाफराबादला आली होती. भर दुपारी कळा सुरू झाल्या. सुईण म्हणाली, मूल आडवं आहे, जालन्याला न्या. एका जमीनदाराचा मुलगा माझ्या वर्गात होता, म्हणून त्यांची जीप मिळाली. चालवायला त्यांचेच ड्रायव्हर दगडूमामा. मागे शकू आडवी, तिच्या उशाशी मी, हातात पाण्याचा तांब्या.

आठ-नऊ किलोमीटरवर रस्ता उजवीकडे वळतो, डाव्या हाताला खोल नाला. मामांनी जीप दामटली होती. वळणात शिरलो आणि पाहतो तर रस्ताभर तूर पसरलेली! गाड्यांच्या चाकांखाली मळणी करून घ्यायची आमच्याकडे पद्धतच. शेंगा फुटून दाणेच दाणे... त्यावर चाक म्हणजे गोट्यांवर पाय.

"मामा, ब्रेक मारू नका!" मी ओरडलो.

ब्रेक मारला असता तर थेट नाल्यात गेलो असतो. वळणाची बाहेरची बाजू उचललेली असेल आणि वेग नेमका असेल, तर घर्षण नसलं तरी गाडी वळते — हे मी दरवर्षी फळ्यावर शिकवायचो. तेवढ्याच भरवशावर श्वास रोखून बसलो. जीप अलगद वळली. तांब्यातलं पाणी हललंसुद्धा नाही.

पुढे जाऊन मामांनी गाडी थांबवली. "सर, म्या काहीच केलं न्हाई. स्टिअरिंग एकदम हलकं झाल्तं. नुसता धरून बसल्तो."

शकू वाचली. मुलगी झाली.

मग काय, विज्ञानानं वाचवलं म्हणून मी गावभर सांगत सुटलो. पुरावा हवा म्हणून पंधरा दिवसांनी गवंड्याची पातळी बघायची पाण्याची नळी घेऊन वळणावर गेलो. मापलं. बाहेरची कड आतल्यापेक्षा चार बोटं खाली होती. खाली! तीनदा मापलं. रस्ता नाल्याकडेच उतरत होता. माझ्याच सूत्राप्रमाणे आम्ही सगळे त्या दिवशी नाल्यात जायला हवं होतं.

ज्यांची तूर होती ते आबा बांधावरून बघत होते. म्हणाले, "सर, दुष्काळी कामावर इथं एक बाई खडी फोडायला व्हती. पोटुशी. कळा आल्या अन् इथंच गेली बिचारी. तुमच्यातलीच व्हती. तिनंच वळवली तुमची जीप. नारळ फोडा एक."

"तेव्हा गावात जीप नव्हती का, आबा?"

"व्हती की. हीच."

"कोणी मागितली नाही?"

आबा म्हणाले, "मागितल्ती. मालक म्हणले, सीट खराब व्हतील."

माझं डोकंच फिरलं. ज्या जीपमध्ये तिला जागा मिळाली नाही, तीच जीप तिनं सांभाळायची? आणि वर तिला नारळ? मी नळी गुंडाळली आणि तडक घरी आलो. त्याच संध्याकाळी रस्त्यासाठी पहिला अर्ज लिहिला.

शकूसुद्धा म्हणाली, "दादा, तू नको मानू, पण माझ्यासाठी फोड." नाही फोडला. महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही.

जीप कशी वळली, मला आजही सांगता येत नाही. सूत्र तपासलं, माप तपासलं, दोन्ही बरोबर आहेत. कोणाकडे उत्तर असेल तर जरूर लिहा. पण तिचं नाव मात्र घेऊ नका. खडी तिनं फोडली, जीवही तिचा तिथंच गेला... आता येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाचवायचं कामही तिनंच करायचं? बिलकुल नाही. दीड वर्ष अर्ज करकरून ती कड मी उचलून घेतली. आता त्या वळणावर तिची कोणालाच गरज नाही.