वल्हं कुणाच्या हातात होतं

बाईसाहेबांकडे जेवायला बोलावणं येणं हा शहरातल्या बड्या लोकांत मान समजला जाई, आणि त्या जेवणात बुडालेलं जहाज असायचंच. आधी सूप, मग जहाज, मग जेवण, असा क्रम चाळीस वर्षं ठरलेला. एखादा नवखा पाहुणा चमचा खाली ठेवून म्हणायचा, "बाईसाहेब, ते ऐकवा ना," आणि जुने पाहुणे खुर्च्या सावरून बसायचे.

गोष्ट सगळ्यांना पाठ होती. धुक्याच्या सकाळी जहाज खडकावर आपटलं. एका होडीत अकरा माणसं कशीबशी चढली, पण वल्हवायला खलाशी एकही नव्हता. तेव्हा गिरणीमालकाची बायको, जिने घरी पाण्याचा पेलाही स्वतः उचलला नव्हता, तिने वल्हं धरलं आणि नऊ तासांत होडी किनाऱ्याला लावली. जेवणाच्या खोलीत मोठा फोटोही होता. धक्क्यावर घोंगडी पांघरलेल्या बाईसाहेब, हातात वल्हं.

फोटोतलं घोंगडीपर्यंत सगळं खरं होतं. वल्हं मात्र त्यांनी हातात धरलं ते दोन मिनिटं, तेही धक्क्यावर आल्यावर. फोटोवाल्याला त्या ओळखीच्या वाटल्या, कारण दर आठवड्याला त्यांचं छायाचित्र कुठल्या ना कुठल्या समारंभात छापून यायचं. तो म्हणाला, "बाईसाहेब, जरा हे धरा," आणि त्यांनी धरलं. होडीत त्या नऊ तास ताडपत्रीखाली ओकत पडल्या होत्या, आणि मधूनमधून दागिन्यांच्या पेटीसाठी परत फिरा म्हणून ओरडत होत्या. वल्हवलं होतं त्यांच्या केबिनची साफसफाई करणाऱ्या बाईने. तिच्या हातांची सालटी निघाली होती.

पहिल्या जेवणाला त्या नुसत्या गप्प बसल्या. दुसऱ्याला "हो, म्हणजे..." म्हणाल्या. तिसऱ्यापासून सांगायलाच लागल्या, आणि चांगलं सांगायच्या, यात वाद नाही. मनात टोचायचं, नाही असं नाही. पण लोक इतके खूश होऊन घरी जायचे की खरं सांगणार कधी?

आता त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. बंदराजवळच्या क्लबाने नवा हॉल बांधला आणि दारातच त्यांच्या पराक्रमाची पितळी पाटी लावायची ठरवली. त्या पाटीने बाईसाहेबांची झोप उडवली. जेवणातली गोष्ट जेवणाबरोबर जिरून जाते. ही पाटी शंभर वर्षं लोक वाचणार होते.

त्यांनी आधी क्लबाच्या सेक्रेटरीला फोन केला. "वल्हं मी मारलं नव्हतं. केबिनवाल्या बाईने मारलं होतं."

सेक्रेटरी गहिवरला. "तुमचा हा मोठेपणाच आम्हाला शिकायचाय," तो म्हणाला, आणि त्याने भाषणात दोन ओळी वाढवल्या.

मग सुनेला सांगितलं. सून पाहुण्यांची यादी करत होती. "आई, तुम्ही दमलात," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणालेच होते, या वयात आठवणी सरमिसळ होतात. आणि तुम्ही नेहमी सांगता तेव्हा केबिनवाली बाई त्यात नसतेच ना!"

बाईसाहेबांनी कपाळाला हात लावला. शेवटी भर जेवणात, सूप झाल्यावर, त्यांनी उभं राहून सगळं सांगितलं, ओकाऱ्यांसकट. दोन बायकांनी डोळे टिपले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांनी दोन्ही तळवे पुढे केले. "बघा, आहे का एक तरी वण?"

"चाळीस वर्षांत काय राहतंय, बाईसाहेब," शेजारचे दंतवैद्य म्हणाले. "त्यातून तुमची त्वचा उत्तम!"

त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. नको तेव्हा खोटं बोलून मोठेपण मिळालं होतं, आता खरं बोलावं तर त्यात आणखी भर पडत होती! दुसऱ्या दिवशी दुपारी, ड्रायव्हरला न सांगता, त्या टॅक्सीने पाटी कोरणाऱ्याच्या दुकानात गेल्या.

दुकान चिंचोळं होतं. भिंतीवर दारांच्या पाट्या, कपाटात कप नि ढाली, जमिनीवर पितळेचा चुरा. त्यांची पाटी शिकंज्यात धरलेली होती. '...यांनी वल्हं हाती धरून अकरा जीव वाचवले' एवढं कोरून झालं होतं. वरची ओळ रिकामी होती.

"नाव शेवटी कोरतो," कारागीर म्हणाला. "क्लबवाले ऐन वेळी बदलतात. आधी सौभाग्यवती म्हणतात, मग श्रीमती म्हणतात. खोडता येत नाही ना."

त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही "वा" म्हणाला नाही.

"पटलं तुम्हाला?" बाईसाहेबांनी विचारलं.

"न पटायला काय झालं? मघाशी तुमच्याच्यानं माझं दार ढकलवेना. तुम्ही कसलं वल्हं मारताय!"

चाळीस वर्षांत इतकं बरं त्यांना कुणाच्या बोलण्याने वाटलं नव्हतं. त्या स्टुलावर बसल्या आणि चक्क हसल्या.

"जागा मोकळीच आहे," कारागिराने छिन्नी उचलली. "सांगा तिचं नाव. आत्ता कोरून टाकतो, मग बसू देत क्लबवाल्यांना बोंबलत."

बाईसाहेबांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. जहाजावर आठ दिवस त्या बाईने त्यांना चहा दिला होता, केस विंचरले होते, बुटांचे बंद बांधले होते. बोलवायला पलंगाशी घंटी होती. होडीत "अगं ए" म्हणून भागलं. इस्पितळात दोघींच्या खाटा शेजारी होत्या, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी घरची गाडी आली.

"आठवेल, घाई नाही," कारागीर म्हणाला. "नाहीतर जहाज कंपनीत विचारा."

"कंपनी बंद पडून वीस वर्षं झाली."

"होडीतलं दुसरं कुणी?"

"मी एकटीच उरलेय." त्यांचा आवाज चढला. "मोकळी ठेवा ना ती ओळ!"

"मोकळी पाटी कोण लावणार, बाई? दुसरीकडून करून घेतील."

तेवढ्यात दुकानातला फोन वाजला. सेक्रेटरी होता. श्रीमतीच ठरलंय, पाटी आजच हवी. कारागिराने फोनच्या तोंडावर तळवा ठेवला आणि त्यांच्याकडे पाहिलं. "काय सांगू?"

बाईसाहेबांनी आठवून पाहिलं. खूप जोर लावून पाहिलं. चेहरा दिसत होता, सोललेले हात दिसत होते.

"मी तिला कधी विचारलंच नाही हो," त्या म्हणाल्या.

कारागिराने फोनवरचा हात काढला. "हां, श्रीमती," तो म्हणाला. "पाचपर्यंत देतो."