चार बोटं खाली

इथले अनुभव मी वर्षभर वाचतेय, आणि खरं सांगायचं तर हसायलाच वाचतेय. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या मावशीच्या दिराला चकवा लागतो... आणि खाली पन्नास जण 'अंगावर काटा आला' लिहितात. माझ्या अंगावर कधी आला नाही. मी एकोणपन्नास वर्षांची, मूळची सांगलीची, बरीच वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलेली बाई आहे. भुताखेतांबद्दलचं माझं मत एका शब्दात सांगता येईल, पण तो शब्द ॲडमिन इथे ठेवणार नाहीत. आजही ते मत फारसं बदललेलं नाही. फक्त एका गोष्टीचं उत्तर मला येत नाहीये आणि ते मला सहन होत नाही, म्हणून लिहितेय. 'ताई, घरात धूप फिरवा' असल्या कमेंट नकोत, आधीच सांगते.

जागा — लखनऊ, सरोजिनी नगर. कानपूर रोडपासून जरा आत एक चार मजली सोसायटी, त्यात आम्ही तिसऱ्या मजल्यावर. घरात दोघंच, मी आणि नवरा शिरीष. तो बँकेत आहे, बदलीवर इथे आलो आणि राहिलो. मुलगी रेवा दिल्लीला हॉस्टेलवर. शिरीष आणि मी एकाच कॉलेजचे, त्यामुळे अहो-जाहो कधी झालंच नाही. जे काही भांडायचं ते तोंडावर. पंचवीस वर्षांत आम्ही एकमेकांना वाट्टेल ते बोललोय, पण खोटं कधी बोललो नाही. आमच्या संसारात मिरवण्यासारखं तेवढं एकच होतं.

सायकलचं कारण माझी आई. ती पंचावन्नाव्या वर्षी बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि पुढची अकरा वर्षं तिने छताकडे बघत काढली. माझी पाळी थांबली, हाडांचा रिपोर्ट आला, आणि तो बघून मला पहिल्यांदा ते छत दिसलं. एअरफोर्समधल्या एका मराठी कुटुंबाची पोस्टिंग आली होती, पोस्टिंग आली की ही मंडळी अर्धं घर विकून निघतात. त्यांच्याकडून सायकल घेतली.

लगेच सगळ्यांना माझी काळजी वाटायला लागली. खालच्या मिसेस शुक्ला — 'इस उम्र में, भाभी जी? गिर-गिरा गईं तो?' वॉचमन — 'मैडम, पार्क में टहल लीजिए.' बाइकवरून जाणारा एक नग रोज 'आंटी जी, स्पीड!' ओरडायचा. त्याला एकदा सिग्नलला गाठून म्हटलं, 'बेटा, मम्मी को बताया है कि सुबह-सुबह क्या काम करते हो?' परत कधी दिसला नाही. गादीसारखी रुंद सीट घ्या, असं दहा जणांनी सांगितलं. ती घेतली आणि दोन किलोमीटरमध्ये मांड्या सोलून निघाल्या. मग अरुंद सीट, कुर्त्याच्या आत पॅड असलेली शॉर्ट, हेल्मेट, मागे लाल दिवा, हँडलला आरसा... हे सगळं मी माझं मी शोधलं. पाळी थांबल्यापासून दिवसभर अंगातून वाफा निघायच्या, पहाटेच्या त्या एका तासात निघत नव्हत्या, डोकं शांत असायचं. तो तास माझा होता.

आता सीटच्या उंचीबद्दल दोन ओळी, कारण सगळं त्यावरच आहे. सीट नीट उंचीवर असली की पॅडल खाली गेल्यावर पाय जवळजवळ सरळ होतो आणि गुडघे वाचतात. पण मग सीटवर बसल्या बसल्या जमिनीला पाय पुरत नाहीत, थांबताना खाली उतरावं लागतं. सीट खाली घेतली की दोन्ही तळवे टेकतात, पडायची भीती नाही... आणि महिन्याभरात गुडघ्यांची वाट लागते. शिरीषला हे कधी पटलं नाही. पहिल्याच आठवड्यात त्याने पाना घेतला आणि माझ्यासमोर सीट खाली केली. 'दोन्ही पाय टेकले पाहिजेत. तेच सेफ.' मी त्याच्यासमोर परत वर केली. विषय संपला, असं मला वाटलं.

होळीनंतर एका सकाळी बाल्कनीतून सायकल काढली तर सीट खाली. चार बोटं. मी त्याच्याकडे बघितलं, तो गाढ झोपला होता. वर केली, गेले. दुसऱ्या दिवशी परत चार बोटं खाली. तिसऱ्या दिवशी मी सीटच्या दांड्यावर नेलपॉलिशने रेघ मारली. चौथ्या दिवशी रेघ पाइपात गायब, आणि नट माझ्या हाताला हलेना इतका घट्ट आवळलेला.

आलमबागच्या मेकॅनिकला विचारलं. म्हातारा माणूस, सायकली दुरुस्त करण्यात जन्म गेलेला. त्याने नट काढला, दांडा बघितला, परत बसवला. म्हणाला, 'मैडम, ढीली सीट चलाते-चलाते धँसती है, खड़ी-खड़ी नहीं. और धँसने के बाद नट अपने आप कसता थोड़े ही है. ये तो कोई कर रहा है.'

कोई म्हणजे कोण? घरात माणसं दोन.

सायकल ज्यांच्याकडून घेतली त्या बाईंनाही फोन केला, उगाच शंका नको. त्या म्हणाल्या, 'मी पाच फूट आठ इंच आहे हो, माझी सीट तुमच्यापेक्षाही वर असायची. खाली कशाला येईल?' झालं. मग मी त्या रात्री जेवताना शिरीषला सरळ विचारलं.

तो म्हणाला, 'मी नाही.'

'मग कोण? मिसेस शुक्ला पाइपावरून चढून येतात?'

'मला माहीत नाही. मी नाही हात लावला.'

'शिरीष, तोंडावर भांड. असं चोरून काय?'

'रेवाची शपथ, मी नाही.'

आणि मी जे बोलू नये ते बोलले. 'मुलीची शपथ घेऊन खोटं बोलतोयस? तुला मी अंथरुणावर हवीये. माझ्या आईसारखी. म्हणजे कुठे जायला नको.'

तो ताट घेऊन उठला. त्यानंतर तीन आठवडे आमच्या घरात 'दूध आलं का' आणि 'गॅसवाला येऊन गेला' एवढंच बोलणं झालं. पाना मी कपाटात ठेवून किल्ली पर्समध्ये ठेवत होते. तरी रोज सकाळी चार बोटं. मी गृहीत धरलं की त्याने दुसरा पाना आणला. उजवा गुडघा सुजला होता, कारण घाईत कधीकधी मी तशीच निघायचे. कॅमेरा का नाही लावला, असं तुम्ही विचाराल. स्वतःच्या नवऱ्यावर कॅमेरा लावायची मला लाज वाटली. चोर म्हणायची वाटली नाही, ही गोष्ट वेगळी. रेवाला फोनवर सांगितलं तर ती चिडली. 'मम्मा, यार, पापा ऐसा क्यूँ करेंगे? आप उनको जानती नहीं हो क्या?' मी फोन ठेवून दिला.

मग सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि शिरीष आठ दिवसांसाठी साताऱ्याला गेला.

पहिली सकाळ, सीट जागेवर. रेघ दिसतेय. दुसरी सकाळ, सीट जागेवर. मला इतका आनंद झाला... आनंद कसला, सूड तो. मी रेघेचा फोटो काढला आणि त्याला पाठवला. खाली लिहिलं, 'तू नाहीस तर बघ, कशी जागच्या जागी आहे. शपथेचं काय ते आता तूच ठरव.'

त्याचं उत्तर आलं, 'ठीक.'

त्याच दुपारी मी सायकल कानपूर रोडवरच्या ग्रिलवाल्याकडे नेली आणि सीटचा दांडा पाइपाला वेल्डिंग करून घेतला. तो नाही नाही म्हणत होता, 'फिर कभी निकलेगी नहीं, मैडम.' म्हटलं, तेच हवंय. घरी आणून बाल्कनीत उभी केली. सायकलला दोन पायांचा स्टँड आहे, ती सरळ उभी राहते. बाल्कनीला पूर्ण ग्रिल आहे, दाराला आतून कडी. मुख्य दाराला कडी आणि साखळी दोन्ही. मी एकटी.

सकाळी साडेपाचला बाल्कनीचं दार उघडलं. चांगलं उजाडलं होतं. सीट जागेवर होती, वेल्डिंगचा काळा डाग तसाच.

सायकलच्या दोन्ही बाजूंना, सीटच्या बरोबर खाली, विटा ठेवल्या होत्या. डावीकडे दोन, एकावर एक. उजवीकडे दोन, एकावर एक. पाय टेकायला.

 मग शिकवायची सवय म्हणा, मी खाली बसून बोटं लावली. दोन विटांची उंची चार बोटं. चारच. विटा पातळ होत्या, आपल्या नेहमीच्या विटेच्या निम्म्याही नाहीत, हाताला गार आणि ओलसर. आमच्या घरात एक वीट नाही. आठ वाजता कामाला येणारी मुन्नी आली, तिचं माहेर जुन्या लखनऊतल्या चौक भागातलं. ती बघून म्हणाली, 'अरे दीदी, ये लखौरी कहाँ से ले आईं? ये तो पुराने मकानों की ईंट है. अब कहाँ बनती है.' मी म्हटलं, मी नाही आणली.  तिने झाडू मारला, पण बाल्कनीत गेली नाही.

आता तुमच्यापैकी काही जण लिहिणार — कुणीतरी चांगला आत्मा होता, तुमची काळजी घेत होता. लिहू नका. काळजी घेणाऱ्याने माझा गुडघा सुजवला. आणि ते दोन दिवस सीट का हलली नाही, ते सांगा मला. मी तो मेसेज पाठवीपर्यंत ते थांबलं होतं, असंच मला वाटतं. काळजीच्या नावाखाली माणसाला घरात बसवणारे मी खूप बघितलेत, त्यातलाच हा एक. फक्त याला दार लागत नाही.

शिरीषला फोन केला. 'तू नव्हतास,' एवढंच म्हणाले आणि मला रडू फुटलं. विटांचं सांगितलं.  मला वाटलं आता तो वचपा काढेल, आणि काढला असता तरी माझं काही म्हणणं नव्हतं.

तो म्हणाला, 'मीच असतो तर बरं झालं असतं गं.'

दुसऱ्या दिवशी तो विमानाने परत आला. विटा त्याने स्वतः खाली नेल्या आणि सोसायटीच्या मागच्या भिंतीपाशी, पंपाच्या खोलीमागे ठेवल्या. मी म्हटलं, सायकल विकून टाकू. तो म्हणाला, 'दुसऱ्या कुणाच्या घरात कशाला? आणि तू चालवायची सोडणार नाहीस. सोडू पण नकोस.' पंचवीस वर्षांत त्याने मला दिलेला हा एकमेव सल्ला जो मी न भांडता ऐकला.

या गोष्टीला आता चार महिने झाले. मी रोज जाते. गुडघा बरा आहे. बाल्कनीत परत कधी काही दिसलं नाही. तुम्ही म्हणाल, मग संपलं.

शिरीष आयुष्यात कधी सातच्या आत उठला नव्हता. हल्ली तो पाचला उठतो. मी उठते तेव्हा बाल्कनीचं दार उघडं असतं, चहा ठेवलेला असतो आणि हा बनियनवर घामाघूम. 'व्यायाम,' म्हणतो. मला बरं वाटलं होतं.

गेल्या आठवड्यात मी जरा लवकर उठले. तो बेसिनपाशी पाठमोरा हात धूत होता. पाणी लाल होतं. विटकरी लाल. मी पाय न वाजवता खोलीत परत गेले आणि नेहमीच्या वेळी बाहेर आले. त्याने चहा दिला. मी सायकल घेऊन लिफ्टने खाली उतरले, पण गेटकडे गेले नाही, पंपाच्या खोलीमागे गेले.

तिथे चार विटा असायला हव्या होत्या. भिंतीला लावून रचलेला ढीग माझ्या कमरेपर्यंत आला होता. एकावर एक, नीट, दोन-दोनच्या जोड्या.

रोज पहाटे त्या खाली कोण नेऊन रचतं ते कळलं, पण बाल्कनीत त्या कुठून येतात, कोण आणतं, मला माहीत नाही. एक उत्तर सोपं आहे आणि ते तुमच्याही डोक्यात आलं असेल. माझ्याही आलं. पण ते मी एकदा तोंडावर विचारून बघितलंय, त्याच्यावर मुलीची शपथ घ्यायची वेळ आणून. परत विचारणार नाही.

मी सायकल फिरवली आणि गेटबाहेर पडले. वर बघितलं तर तो बाल्कनीत उभा होता, हात मागे धरून.