सोंड असलेला कोल्हा

दिगंबररावांच्या मरणाची बातमी मला दिगंबररावांच्याच फोनवरून आली. हा माणूस मेल्यावरही आपला छळ सोडणार नाही, हे मला तिथंच कळायला हवं होतं. सकाळी दुकान उघडून मी उदबत्ती लावत होतो. गल्ल्यावरचा फोन थरथरला, पडद्यावर त्यांचं नाव आलं आणि मी कुठल्याही शहाण्या माणसानं करावं तेच केलं... फोन पालथा घातला. म्हटलं, मानवतच्या आभाळात आज लवकरच काहीतरी उगवलेलं दिसतंय. घोडा असेल, मगर असेल, नाहीतर गेल्या आठवड्यासारखी शिलाई मशीन चालवणारी बाई असेल. फोन पुन्हा थरथरला. शेवटी वैतागून उचलला आणि "काय दिसलं आता?" म्हणून खेकसलो. पलीकडं त्यांचा थोरला सुधीर होता. म्हणाला, "काका, बाबा गेले." चहाचा कप घेऊन गच्चीवर गेले होते. अक्का रिकामा कप आणायला वर गेल्या, तर हे खुर्चीत मान मागं टाकून बसलेले. वर बघत.

दिगंबरराव माझे साडू. त्यांच्या निर्मलाक्का आणि आमची ही सख्ख्या बहिणी. माणसाच्या सहनशक्तीला काही मर्यादा आहे का, हे तपासायला देवानं साडू हे नातं केलं असावं. ते मानवतला कापसाच्या बाजारात कारकून होते. सारं आयुष्य मान खाली घालून गाड्यांची वजनं लिहिली, आणि निवृत्त झाले त्या दिवशी मान जी वर गेली ती पुन्हा खाली म्हणून आली नाही. कापूस तो कापूसच, गाडीतला काय आणि आभाळातला काय. मुलानं चांगला कॅमेऱ्याचा फोन घेऊन दिला आणि आमच्या घराण्याची शांतता संपली. सकाळ, दुपार, संध्याकाळ ढगांचे फोटो. प्रत्येक फोटोवर बोटानं काढलेलं लाल कडं आणि खाली मजकूर : उंट, बसलेला. मारुती, शेपटी विस्कटलेली. लग्नात जेवणावळ उठलेली असायची, नवरीची आई रडत असायची आणि हे मंडपाची कनात वर करून बाहेर फोन रोखून उभे. आमच्या एका पुतण्याच्या लग्नात अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, आणि अर्धं वऱ्हाड ह्यांच्या बोटाच्या रोखानं वर बघत होतं. त्या लग्नाच्या व्हिडिओत नवरा-नवरीपेक्षा हनुवट्याच जास्त आहेत.

आता माझी चूक सांगतो. माझं ताडकळसला खत-बियाणांचं दुकान. कोणतं खत आलं, कोणतं औषध संपलं हे गिऱ्हाइकांना कळावं म्हणून फोनवर एक ग्रुप काढलेला होता. दिगंबररावांनी एकदा जेवताना सहज विचारलं, "पाव्हणं, मलाबी घ्या की त्यात." मी घेतलं. घरात वाघ बांधला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मानवतवरचा ढग पाठवला, खाली लिहिलं, हत्ती. त्यांच्या लेखी ती गंमत होती. पण ग्रुपातली सगळी मंडळी शेतकरी, आणि शेतकऱ्याला हत्ती म्हटलं की पंचांग आठवतं. पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन असतं. हत्ती, म्हैस, बेडूक आले की पाऊस धो धो, कोल्हा नाहीतर मेंढा आला की कोरडं. हे तिसरीतल्या पोरालाही ठाऊक. आणि नशीब असं खट्याळ, की त्याच दुपारी ताडकळसला असा पाऊस पडला की माझ्या दुकानातली युरियाची पोती पोहत दारापर्यंत आली आणि रस्ता ओलांडावा की नाही याचा विचार करत उंबऱ्यावर थांबली. पुढं त्यांनी मेंढा पाठवला, तर थेंब नाही. झालं. मानवतच्या बाजारातला एक निवृत्त कारकून आमच्या शिवाराचं हवामानखातं झाला. गिऱ्हाईक दुकानात आलं की बी नंतर विचारायचं, आधी विचारायचं, "तुमच्या साडूचं आज काय हाय?"

मी त्यांना हात जोडून सांगितलं, की हे थांबवा. ते स्वतःच माझ्याहून जास्त वैतागलेले होते. म्हणायचे, "मी आकार बघतो, पाऊस न्हाई बघत. तुमची लोकं मला पाऊसच विचारत्यात." पण फोटो टाकायचे थांबले नाहीत. टाकल्यावाचून राहवायचंच नाही.

मग एका ऑक्टोबरात, सोयाबीन कापून शिवारभर पडलेलं असताना, मी सकाळीच त्यांना फोन लावला. म्हटलं, लोक तुमच्या एका शब्दावर मळणी थांबवतात, आज मेहरबानी करून काही टाकू नका. पलीकडून नुसतं "हं" आलं. मला त्या "हं"चा अर्थ पाठ होता. म्हटलं, काही दिसलंय का? तर म्हणाले, दिसलंय, आणि लय सुरेख दिसलंय. मी म्हटलं, मग टाकायचंच असेल तर खाली कोल्हा लिहा.

"पाव्हणं," ते शांतपणे म्हणाले, "सोंड असलेला कोल्हा कुठं ऱ्हातो?"

आणि त्यांनी हत्ती टाकला. साऱ्या ताडकळसनं आपापल्या गंज्यांवर ताडपत्र्या ओढल्या, त्यांच्यावर धोंडे ठेवले, आणि आभाळ घासलेल्या परातीसारखं लख्ख झालं. ऊन असं की सावलीसुद्धा सावली शोधायला लागली. बाकीच्यांनी एखाद्या दिवसात ताडपत्र्या काढल्या. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकानं, मुंजाजीनं काढली नाही, कारण त्याचा हत्तीवर आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त विश्वास. दोन एकराचा धनी, वर्षाचं सगळं त्या एका गंजीत. त्यानं ताडपत्री उचलली तेव्हा आतून वाफ निघाली. खालच्या शेंगांना बुरशी धरायला लागलेली. तो दुकानात येऊन ओरडला असता तर मला परवडलं असतं. तो बाकावर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "साडूला सांगा, त्यांचा हत्ती माझ्या गंजीवर बसला."

मी सांगितलं. वाटलं, आता तरी हा माणूस ग्रुप सोडेल, फोन विहिरीत टाकेल, काशीला जाईल. दुसऱ्या दिवशी पाहतो तर एसटीतून उतरताहेत. इस्त्रीचा पांढरा सदरा, काखेत छत्री, म्हणजे ह्यांना अजूनही हत्तीची आशा. मी त्यांना दुकानातच अडवलं. म्हटलं, जाऊ नका, तो माणूस आतून त्या वाफेपेक्षा जास्त तापलाय, मी समजूत काढतो त्याची. ते म्हणाले, नाव मी दिलं, मीच जातो. आणि गेले. जन्मात कधी शेंग न सोललेला माणूस.

दुपारी मी डबा घेऊन मुंजाजीच्या शेताकडं निघालो. वाटेत मनाशी तयारी करत होतो, की साडू उभा दिसतो की आडवा. बघतो तर आडवेच. ताडपत्र्या पसरलेल्या, त्यांवर सगळी गंज उलगडून वाळत घातलेली, आणि कडेच्या रिकाम्या ताडपत्रीवर मुंजाजी आणि दिगंबरराव शेजारी शेजारी उताणे. पांढऱ्या सदऱ्याचा रंग मातीहून वेगळा ओळखू येत नव्हता. जवळ गेलो तर दोघंही भांडत होते.

"काय चाललंय?" मी विचारलं.

मुंजाजी माझ्याकडं न बघताच म्हणाला, "तुमचे साडू म्हनायलेत, ते कासव हाय. डोळे हायत का यास्नी? सरळ सरळ आमच्या पवळ्या बैलाचं वशिंड दिसायलंय."

"वशिंडाला पाय कुठून आले?" दिगंबरराव.

"पाय न्हाईत ते. फाटून गेलेलं हाय तेवढं."

मी उन्हात डबा धरून उभा. कोणी बस म्हणत नाही, डब्यात काय आहे याची चौकशी नाही. शेवटी दिगंबरराव उठून बसले. हाताला शेंगांच्या कुसांनी ओरखडे पडले होते, आणि चेहरा असा की जणू कोणी त्यांना जहागीर दिली. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पाव्हणं, इतक्या वर्षांत हा पहिला माणूस भेटला, ज्यानं पाऊस येईल का म्हणून विचारलं न्हाई."

त्या गंजीतलं बरंचसं सोयाबीन वाचलं, थोडं काळं पडलं. मुंजाजीनं पुढं त्याचा उच्चार केला नाही. दिगंबररावांनी माझ्या ग्रुपात नावं लिहायची बंद केली, नुसता फोटो टाकायचे, तर तिथं आणखी मोठा तमाशा. ज्याला पाऊस हवा त्याला त्यात म्हैस दिसायची, ज्याचं कापून पडलंय त्याला मेंढा. शेवटी मी त्यांना तिथून काढलं आणि आम्हा तिघांचा वेगळा ग्रुप केला... आणि खऱ्या अर्थानं तिथं मी अडकलो. कारण ते दोघं बघायचे आणि मला दिसायचं नाही. मला ढगात ढगच दिसतो. देवानं मला तसंच केलंय. मी इमानदारीनं "ढग" म्हणून उत्तर द्यायचो, की लगेच फोन : नीट बघा, डावा कान सापडला का? कानापासून खाली या. मी म्हणायचो, खाली आलो, ढगच आहे. मोतीबिंदू असावा, असं त्यांनीच ठरवलं. मला धरून परभणीला नेलं, ऑपरेशन करवलं, रात्रभर उशाशी बसले. पट्टी निघाली आणि नव्या डोळ्यानं मी जगातली पहिली वस्तू पाहिली ती त्यांचा फोन. म्हणाले, काय दिसतंय? मी म्हटलं, ढग. ते हिंदी बोलणाऱ्या डॉक्टरांकडं वळून गंभीरपणे म्हणाले, "साहेब, एक बार फिर देख लो. कुछ रह गया अंदर."

त्यांना स्मशानात नेलं त्या दिवशी आभाळ कोरं होतं. कापसाच्या बोंडाएवढाही ढग नव्हता. माझा अस्सा संताप झाला. ज्या माणसानं ह्या आभाळाची इतकी वर्षं बिनपगारी चाकरी केली, त्याच्यासाठी एक ससा पाठवायला काय झालं होतं? मुंजाजी आला होता. साऱ्यांची मान खाली आणि त्याची वर. परत निघताना एवढंच म्हणाला, "काहीच न्हाई आज."

त्याला आता काही आठवडे झाले. मुंजाजी अधूनमधून फोटो पाठवतो. मी "ढग" लिहितो, तो "बरं" लिहितो. एवढंच. कान नाही, शेपूट नाही, फोन नाही, दवाखाना नाही. त्या "बरं"चा मला किती राग येतो म्हणून सांगू... अरे, भांड की. नीट बघा म्हण. मला आंधळा म्हण. इतक्या सहज सोडून कसं देतोस?

परवा दुकानासमोर मोकळ्यावर उभा होतो. पलीकडच्या शाळेच्या पत्र्यांवर एक ढग आला. मी सवयीनं वैतागून वर बघितलं आणि मला त्यात पाठ दिसली. कशाची ते कळेना. पाठ होती, आणि पुढं मानेसारखं काहीतरी वळत होतं. मी खिशातून फोन काढला, चष्मा पुसला, वर धरला. तेवढ्यात मागं एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, आणि माझ्या खांद्यावरून वर बघत म्हणालं, "काय मालक, पाऊस हाय का?"

"गप ऱ्हा जरा," मी म्हटलं, "ते हलायलंय."