अक्कांनी ठरवलेलं माप

कोणी फोटो दाखवला की आपण आधी चेहरे बघतो. अक्का आधी विचारायच्या, "पिक्सेल किती?" नव्या बाळाचा फोटो असला तरी प्रश्न तोच. उत्तर मिळालं की मग चष्मा सावरून म्हणायच्या, "बाळ गोड आहे हं."

मुलांनो, अक्का म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण, माझी नणंद, तुमच्या बाबाची आत्या. आमच्याकडेच मागच्या खोलीत राहायच्या. इथल्या नजरबाद भागातल्या सरकारी कचेरीत त्यांनी आयुष्यभर नकाशे काढले. निवृत्त झाल्यावर कॉम्प्युटर शिकल्या आणि घरादाराचे फोटो कापून, नीट करून, छापून आणायचं काम अंगावर घेतलं. "नकाशा मोठा केला म्हणून त्यात नवं गाव उगवत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य.

छापायला देण्याआधी अक्का वर्तमानपत्राचा कागद फोटोच्या मापात कापून भिंतीला चिकटवायच्या आणि आम्हाला समोर उभं करायच्या. "कुठनं बघणार? सोफ्यावरनं? मग इंचाला दीडशे ठिपके साकु. हातात धरून बघणार तर तीनशे लागतील." पुरे म्हणायचं असलं की त्यांच्या तोंडी कन्नड 'साकु'च यायचं.

शेजारच्या सरोजाम्मांनी एकदा कॉलेजच्या ग्रुप फोटोतून लेकीचं डोकं तेवढं कापून दाराएवढं छापून मागितलं. अक्का म्हणाल्या, "अय्यो, नखाएवढं ठेवलंत आणि आता त्याची चादर करा म्हणता! नाक कुठलं नि कुंकू कुठलं, ते येणाऱ्या-जाणाऱ्याला तुम्हीच सांगत बसा." सरोजाम्मा रुसल्या. पण पोस्टकार्डाएवढा फोटो घेऊन गेल्या, आणि तो अजून त्यांच्या टीव्हीशेजारी आहे.

आजोबा गेले तेव्हा मला एकच गोष्ट हवी होती: भिंतीवर त्यांचा हसरा चेहरा. कॅमेरा दिसला की ते ताठ व्हायचे, त्यामुळे सगळे फोटो पासपोर्टसाठी काढल्यासारखे. हसतानाचा एकच होता, हुणसूरच्या एका लग्नात कोणीतरी फोनवर काढलेला. मंडपात ओळीनं बसलेली माणसं, मधे ते, आणि शेजारी मी. माझ्याकडे वळून ते मनापासून हसताहेत.

तुमचा बाबा तुम्ही राहता तिकडून आला होता. "आत्या, अप्पांचा चेहरा तेवढा काप आणि दोन फुटी कर. हॉलमध्ये लावू."

अक्कांनी कापला. रुंदीला सहाशे पिक्सेल, म्हणजे सहाशे ठिपके उरले. सोफ्यावरून बघायचं म्हटलं तरी त्याचे चारच इंच होतात. दोन फुटांना ताणलं तर कसं दिसेल, तेही त्यांनी पडद्यावर दाखवलं. डोळ्यांच्या जागी डाग, ओठांच्या जागी धुकं. त्या म्हणाल्या, "हा माझा भाऊ नव्हे."

चार इंचाचा फोटो त्या भिंतीवर हरवून गेला असता. मग त्यांनी चौकट रुंद केली. आम्ही दोघंही आत आलो, तेव्हा अठराशे पिक्सेल मिळाले, म्हणजे बारा इंच. त्यांचा चेहरा चार इंचांतच, पण स्वच्छ, आणि भिंतीला शोभेल असं चित्र.

हुणसूरहून आलेले माझे चुलत सासरे लगेच म्हणाले, "गेलेल्याच्या फोटोत जिवंत बाई? त्याला हार कसा घालायचा?"

त्यांचंही खरं होतं, आपल्यात तसं कोणी करत नाही. मी म्हटलं, "अक्का, राहू द्या. पासपोर्टचाच लावा."

"तू गप्प बस, नलिनी. काका, हार घालूच नका. फुलं खाली ठेवा, साकु. हिला कापून टाकली तर तो कुणाकडं बघून हसतोय म्हणायचं? भिंतीकडं?"

काकांनी पानाचा डबा उघडला आणि विषय मिटला. फोटो लागला, हाराशिवाय. दिवा लावताना मी रोज त्यांच्या हसण्याकडे बघते. ते मला हवं होतं तसंच आहे.

गेल्या वर्षी अक्काही गेल्या. शेवटच्या आजारात, मी त्यांच्या उशाशी बसलेली असताना, त्यांनी तुमच्या बाबाला फोनवर बजावलं, "हे बघ, नलिनी गेली की दोघांना मिळून एक हार घाल. पण माप वाढवू नकोस."

बाबा तिकडून "अगं आत्या, काहीतरीच काय!" म्हणत राहिला. इकडे आम्ही दोघी हसत होतो.