श्रद्धाच्या हातांचे घट्टे

बिबवेवाडीच्या दुर्गाबाई खोटं बोलायच्या नाहीत असं नाही, पण त्यांना ते पचायचं नाही. तरी लेकीच्या लग्नापायी त्यांनी एक थाप रचलीच.

श्रद्धा हिंजवडीला कॉम्प्युटर कंपनीत नोकरी करायची आणि पहाटे नदीवर रोइंगला जायची. वल्ही मारून मारून तळहातांना हे एवढाले घट्टे पडलेले. राष्ट्रीय शिबिरासाठी तिची निवड झाली होती. पुढच्या महिन्यात भोपाळला जायचं, तेही वर्षभरासाठी. आणि नेमकं तेव्हाच शुभंकरचं स्थळ सांगून आलं. ऑलिंपिक लागलं की "शंभर कोटींचा देश, आणि पदक शोधायला भिंग लागतं," म्हणून टीव्हीसमोर चडफडणारे तिचे वडील दिगंबरराव, तेच म्हणाले, "पुरे आता ती नदी. मुलीच्या जातीला असले हात शोभत नाहीत." आता बोला.

लेकीनं शिबिराला जावं असं दुर्गाबाईंना मनापासून वाटे. पण एवढं चांगलं स्थळ हातचं गेलं तर चार लोक काय म्हणतील, या धसक्यानं त्यांचा जीव टांगणीला लागला. जेवणं झाली की त्या लेकीच्या तळहातांना तूप चोळत बसायच्या. घट्टे मऊ पडायचे आणि सकाळी वल्ह्यावर फुटून रक्ताळायचे. "कुणी विचारलंच, तर कॉम्प्युटरमुळे म्हण," त्यांनी बजावलं.

पाहुणे आले, कांदेपोहे झाले. रिकामी डिश देताना शुभंकरच्या आईनं, राधाबाईंनी, श्रद्धाचा हात धरला. "हे गं काय?"

"कॉम्प्युटरमुळे हो," लेकीआधी दुर्गाबाईच बोलून गेल्या.

शुभंकरनं आपले मऊ तळहात उलटेसुलटे करून पाहिले. "मीही दिवसभर तेच बडवतो. आमच्या कंपनीनं जरा हलका कॉम्प्युटर दिलेला दिसतोय."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं दुर्गाबाईंना झालं. श्रद्धानं मात्र नदी, शिबिर, भोपाळ, सगळं सांगून टाकलं. "मी जाणार आहे," ती म्हणाली. "थांबणार असाल तर पुढचं बोलू."

राधाबाईंनी सुस्कारा सोडला. "अहो, मग आधी सांगायचं ना. मला वाटलं, पोरीला भांड्यांना जुंपलीय. लग्न काय, वर्षानं करू."

"देशासाठी एवढं करायलाच हवं," दिगंबरराव गंभीरपणे म्हणाले.

पाहुणे गेले. दुर्गाबाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. हसू आणि रडू एकदमच आलं.

जेवणं झाल्यावर श्रद्धानं सवयीनं हात पुढे केले. दुर्गाबाईंनी त्या घट्ट्यांवरून एकदा बोट फिरवलं.

"राहू देत तसेच," त्या म्हणाल्या आणि तुपाची बरणी स्वयंपाकघरात ठेवून आल्या.