कुजबुजत केलेलं विसर्जन

लखनौतल्या आमच्या रेल्वे कॉलनीमागे एक तळं होतं. तळं कसलं, कचराकुंडीच ती. ते साफ करायचं खूळ घेतलं शेजारच्या काकांनी. काका नागपूरचे, कॉलनीतल्या चार-पाच मराठी घरांत सगळ्यांत वडीलधारे. दर वर्षी गणपती ट्रकातून गोमतीवर न्यावे लागत, याचा त्यांना भारी वैताग. "दाराशी पाणी असताना बाप्पाला लखनौ दर्शन कशाला?" म्हणायचे.

रविवारी श्रमदान सुरू झालं. कॉलनीभर इंजिनीअर, आणि इंजिनीअरला साधा खड्डाही सरळ केल्याशिवाय चैन पडत नाही. माझ्या नवऱ्याने दोरी लावून काठ आखला. नुसत्या उंटावरून शेळ्या हाकल्या नाहीत, घामही गाळला, हे मान्य करायला हवं. कचरा गेला, जलपर्णी गेली, त्याच झपाट्यात पाणगवत आणि काठची झुडपंही गेली. एक छोटासा घाट झाला. तळं अगदी इस्त्री केल्यासारखं दिसू लागलं.

पण त्यात ना बेडूक, ना बगळा. घाणीतसुद्धा ओरडणाऱ्या पाणकोंबड्या गायब झाल्या. डास तेवढे खुशीत. "अति तेथे माती," मी म्हटलं, तर नवरा रुसला. काकांना मात्र ते फार लागलं. "आपण त्यांचं घरच झाडून टाकलं की हो," म्हणाले.

मग उलटं काम सुरू झालं. मलिहाबादच्या वाटेवरच्या डबक्यांतून आम्ही पाणकणीस आणलं, गवताचे गड्डे लावले, सरळ काठ फावड्याने वाकडातिकडा केला. ते बघताना नवऱ्याचा जीव खालीवर होत होता. मला फार मजा आली. पुढच्या पावसाळ्यात बेडकांनी कॉलनीची झोप उडवली आणि पाणकोंबड्यांची एक जोडी परतली.

त्याच वर्षी काका रिटायर होऊन दिवाळीआधी नागपूरला जायचे होते. लखनौतला त्यांचा शेवटचा गणपती, आणि घाटावरचं पहिलंच विसर्जन. ढोलवाले ठरले होते. विसर्जनाच्या सकाळी शेजारची मुलगी धावत आली. "काका, जलमुर्गी घाट के बगल में अंडों पे बैठी है!"

आम्ही सगळे बघायला गेलो. पायरीला लागूनच, पाणकणसात पाणकोंबडीचं घरटं होतं. काकांचा चेहरा पडला.

"अरे साहब, एक शाम की तो बात है, लौट आएगी," कुणीतरी म्हणालं.

"और नहीं आई तो?" काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच, "किती वाट पाहिली होती हो मी."

दुपारी काकूंचा कपडे धुण्याचा टब त्यांच्या तळ्याकडच्या अंगणात आला. काकांनी स्वतः तळ्याचं पाणी बादलीने आणून तो भरला. संध्याकाळी ढोल कॉलनीच्या फाटकाशीच थांबवले. आरती कुजबुजत झाली. टाळ्यासुद्धा बोटांनी. इतकी मोठी माणसं चोरासारखी "गणपती बाप्पा मोरया" पुटपुटताना बघून काकूंना हसू आवरेना, मग आम्हा सगळ्यांनाच. काकाही हसत होते.

त्यांनी मूर्ती टबात सोडली. "पुढच्या वर्षी..." एवढं म्हणाले आणि थांबले. त्यांना पुढचं म्हणवेना. मग आम्हीच म्हटलं, हळू आवाजात.