चुकलं म्हणायची रीत

वकील शोधायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांना कोर्टाच्या फाटकातच एखादा काळा कोट गाठतो आणि उरलेल्यांना मेव्हण्याच्या साडूनं कुणाचं तरी नाव सांगितलेलं असतं. मनकर्णाबाईंनी या दोन्ही वाटा सोडल्या. त्या आदिलाबादच्या कोर्टात नुसत्याच येऊन बसायला लागल्या. मॅजिस्ट्रेटांच्या हॉलमध्ये, अगदी मागच्या बाकावर, डब्याची पिशवी मांडीवर धरून. मला वाटलं, कुठल्या तरी केसमधली साक्षीदार असेल. पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच बाई दिसली तेव्हा मी शिपायाला विचारलं. तो म्हणाला, "केस त्यांचीच आहे मॅडम, पण तारीख लांब आहे."

तारीख असून न येणारी माणसं मी पायलीची पन्नास पाहिली आहेत. तारीख नसताना येऊन बसणारी ही पहिलीच.

मग एक दिवस विधी सेवा प्राधिकरणाकडून मला पत्र आलं. बाईमाणसाला आणि दलित-आदिवासींना तिथून वकील फुकट मिळतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. मनकर्णाबाईंना माहीत होतं, आणि वकील कोण हवा हेही त्यांनी नाव घेऊन सांगितलं होतं. दुपारी त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"जय भीम मॅडम. तुमचं नाव म्याच सांगतलं."

"माझंच काऊन? माझ्याहून मोठे वकील आहेत इथं."

"हायेत ना. सगळ्याइले पाह्यलं. ते प्रश्न इचारते अन् मंग कागदात पाहते. साक्षीदार काय म्हनून राह्यला, कोनी आयकतच नाई. तुमी आयकता."

खोटं कशाला सांगू, मी फुगले. वीस वर्षांत एवढी नीट परीक्षा माझी कुणी घेतली नव्हती आणि पासही केलं नव्हतं.

बाई पन्नाशीच्या. पैनगंगेच्या अलीकडच्या एका कापसाच्या गावात अंगणवाडी चालवतात. आईवडील दुसऱ्यांच्या शेतात राबले, ही मुलगी दहावी झाली आणि तिनं गावातल्या लेकरांना हात धुवायला, गाणी म्हणायला, रांगेत बसायला शिकवायचं काम धरलं. आज त्या लेकरांचीही लेकरं तिच्याकडे येतात. गावात कुणाच्या घरी काय शिजतं हे त्यांना लेकरांच्या तोंडून कळतं, पण त्या ते कुणाला सांगत नाहीत. बाईंची जीभ तिखट, पण गळकी नाही.

भांडण झालं ते कुंपणावरून. अंगणवाडीच्या पुढच्या मोकळ्या जागेतून चंपतरावांचा ट्रॅक्टर त्यांच्या गोठ्याकडे जायचा. चंपतराव म्हणजे गावातले मोठे कापूस पिकवणारे, आवाजाचे मोठे, मनानं अगदीच वाईट नाहीत. लेकरं खेळत असताना ट्रॅक्टर येतो म्हणून मनकर्णाबाईंनी ग्रामपंचायतीची परवानगी घेतली, उटनूरकडून बांबू मागवले आणि कुंपण घातलं. चंपतरावांना गोठ्याकडे वळसा पडू लागला. एका सकाळी त्यांनी येऊन खांब उपटायला घेतला. बाईंनी त्याच खांबाचं दुसरं टोक धरलं. ओढाताणीत चंपतरावांचा पाय घसरला, ते परसबागेच्या विटांवर आपटले आणि कपाळ फुटलं. टाके पडले.

चार दिवसांनी पोलिसांत तक्रार गेली: मनकर्णाबाईंनी वाट अडवून ढकललं आणि डोकं फोडलं. आता कायद्याचं नाव बदललं, कलमांचे नंबर बदलले, पण आमच्या बारमधले जुने वकील कागद पाहून अजूनही "तीनशे तेवीस" म्हणतात. साधी मारहाण. कोर्टाच्या हिशेबात किरकोळ केस. अटक नाही, जामीन जागच्या जागी.

मनकर्णाबाईंसाठी मात्र ती किरकोळ नव्हती. शिक्षा झाली तर अंगणवाडी काढून घेऊ, असं वरच्या सुपरवायझर बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि त्याआधीच गावात एक वाक्य फिरायला लागलं होतं, की मारणाऱ्या बाईकडे लेकरू कसं पाठवायचं. सगळ्यात आधी यायची बंद झाली चंपतरावांची नात अर्पिता. ही अर्पिता मनकर्णाबाईंनी सोलून दिल्याशिवाय अंडं खायची नाही. तिच्यामागे आणखी दोन-तीन घरांनी पोरं ठेवून घेतली.

"नोकरी गेली तं भाकर कुठंबी भेटन," त्या मला म्हणाल्या. "पन लेकराले हात लावाले कोनी देल्लं नाई, तं म्या काय करू मॅडम?"

मी त्यांना आमच्या धंद्यातला पहिला धडा दिला. "तुम्ही काही बोलायचं नाही. तुम्ही मारलं हे सिद्ध करायचं काम सरकारचं आहे. आपण फक्त गप्प राहायचं."

"गप्प बसाची सवय असती तं कुंपन कायले घातलं असतं?"

मला राग आला. अशिलाला वकिलाचं ऐकायचं नसेल तर वकील करायचा कशाला? पण बाई हसत होत्या, आणि हसणाऱ्या माणसावर रागावून फार वेळ बसता येत नाही.

मग ठाण्यातल्या एका हवालदाराचा त्यांना फोन आला. शनिवारी लोक अदालत आहे, या, 'गुन्हा कबूल' म्हणा, थोडा दंड भरा, केस खतम. गावातल्या चार जणांनीही तेच सांगितलं. आमच्याकडे लोकांना हे गाडीच्या चलनासारखं वाटतं: भरलं की सुटलो. कबूल म्हटलं म्हणजे गुन्हेगार ठरलो आणि ते कायमचं कागदावर राहिलं, हे कुणी सांगत नाही. मी मनकर्णाबाईंना ते समोर बसवून सांगितलं. दुसरा रस्ता राजीचा. दोन्हीकडची माणसं समजुतीनं सही करतात आणि आरोपी सुटतो, डाग राहत नाही. मी चंपतरावांच्या वकिलाशी बोलले. चंपतराव राजीला तयार होते, कुंपण काढलं तर.

मला वाटलं, घ्या आणि मोकळ्या व्हा. बांबूचं कुंपण ते, दुसरीकडे घालता येईल. मी तसं म्हटलंही.

"अन् ट्रॅक्टरखाली लेकरू आलं तं कोनाशी राजी करू?"

राजी तिथंच मोडली. जजसाहेबांनी विचारलं तेव्हा बाईंनी मोठ्या आवाजात सांगितलं, गुन्हा कबूल नाही. केस उभी राहिली.

पहिली साक्ष चंपतरावांची. ते म्हणाले, बाईनं छातीवर हात ठेवून ढकललं. मी खूप खोदलं, पण माणूस हलला नाही. दुसरी साक्ष डॉक्टरांची.

"विटेवर पडून अशी जखम होऊ शकते?"

"होऊ शकते."

"ढकलल्यामुळे पडले की पाय घसरून, हे जखमेवरून सांगता येतं?"

"नाही."

तेवढंच मला हवं होतं. एकाचा शब्द, दुसऱ्याचा शब्द, आणि संशयाचा फायदा आरोपीला. मी मनातल्या मनात निकाल लिहायला घेतला होता. तेव्हा सरकारी वकिलांनी तिसरा साक्षीदार बोलावला.

यशवंतराव. गावातले वडीलधारे, धोतर, टोपी, खोटं बोलायचं वय कधीच मागे पडलेलं. आमचे जजसाहेब करीमनगरकडचे, तेलुगू बोलणारे, म्हणून कोर्टातला एक कर्मचारी सगळ्यांच्या मराठी साक्षी त्यांना तेलुगूत सांगत होता. सरकारी वकिलांनी विचारलं, भांडणानंतर काय झालं.

"रातच्याले चावडीवर बसलो आमी. दोगाइले बलावलं. पहिले मनकर्णानं म्हनलं, माझं चुकलं."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्याइसमोर."

सरकारी वकील समाधानानं बसले. पंचांसमोर दिलेली कबुली! आणि माझ्या अशिलानं मला यातलं एक अक्षर सांगितलेलं नव्हतं. मी वळून मागे पाहिलं, तर मनकर्णाबाई आरोपीच्या जागी उभ्या राहून शांतपणे मान डोलवत होत्या, अगदी खरं आहे, असं. त्या क्षणी त्यांच्यापेक्षा जास्त राग मला जगात कुणाचाच आला नसेल.

उलटतपासणीत उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारू नये, हे आम्हाला शिकवून शिकवून हाडात भिनवलेलं असतं. शहाण्या वकिलानं "प्रश्न नाहीत" म्हणून बसावं. मी उठलेही त्याच विचारानं. पण म्हाताऱ्याचं वाक्य कानात अडकलं होतं. 'पहिले' असं ते म्हणाले होते. आणि मला निवडलं होतं ते ऐकण्यासाठी.

"यशवंतराव, पहिले मनकर्णाबाईंनी म्हटलं. मग मागून कोणी म्हटलं?"

ते माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागले, की ही बाई कोणत्या मुलखातून आली.

"चंपतरावनं. अजून कोन? दोगंही म्हन्तेत ना. वयानं लहान असन त्यानं पहिले म्हनाचं, मोठ्यानं मांगून. मंग एका किटलीतला चहा दोगाइनं घ्याचा. झालं, भांडन मिटलं."

"कोणाची चूक, ते आधी ठरवत नाही?"

"ते ठरवत बसलो तं भांडन मिटन कसं?"

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. जजसाहेबांनी वर पाहिलं आणि भाषांतर करणाऱ्याला ते वाक्य पुन्हा सांगायला लावलं.

"मग बाईंनी 'चुकलं' म्हटलं म्हणजे मारल्याचं कबूल केलं, असं तुम्ही समजलात का?"

"मारलं म्हनलीच नाई ते. चुकलं म्हनली. चंपतरावबी चुकलं म्हनला. त्यानं कोनाले मारलं?"

जजसाहेबांनी टायपिस्टला ते शब्दन्शब्द घ्यायला सांगितलं. मी बसले.

बाहेर आल्या आल्या मी मनकर्णाबाईंवर तुटून पडले. "चावडीची गोष्ट मला आधी सांगता येत नव्हती?"

"ते काय सांगाचं? हे बी सांगा लागते काय?" त्यांना खरोखर नवल वाटत होतं. "गावात शेंबड्या पोराले ठाऊक हाय. मले वाटलं, तुमी एवढ्या शिकलेल्या."

मी आदिलाबाद शहरात वाढलेली. घरात मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात हिंदी. चावडीवरचा चहा मी कधी प्याले नव्हते. पोलीसही बाहेरचे, सरकारी वकीलही बाहेरचे. चंपतरावांचा जावई बेल्लमपल्लीला राहतो; त्याचं ऐकून ते ठाण्यात गेले, तिथं कुणीतरी विचारलं, बाईनं चूक कबूल केली का, आणि चंपतरावांनी खरं तेच सांगितलं, हो, केली. आपलं अर्धं त्यांनी गिळलं. मोठ्या माणसानं मागून म्हटलेलं 'चुकलं' त्यांच्यासोबत ठाण्यापर्यंत पोचलंच नाही.

निकालाच्या दिवशी मनकर्णाबाई नेहमीसारख्या वेळेआधी आल्या आणि मागच्या बाकावर बसल्या. मीच त्यांना पुढे बोलावलं. जजसाहेबांनी थोडक्यात वाचलं: समेटाच्या रिवाजानं उच्चारलेले शब्द म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे, ढकलल्याचा दुसरा पुरावा नाही, आरोपी निर्दोष. मला आनंदानं टाळी वाजवावीशी वाटली. कोर्टात वाजवता येत नाही, म्हणून मी फाईल जोरात बंद केली.

बाहेर गाड्या लावायच्या जागी चंपतराव एकटेच उभे होते. जावई आला नव्हता. मी मनकर्णाबाईंना चहाच्या टपरीकडे वळवत होते, पण त्या वळल्या नाहीत. सरळ जाऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. मला धास्ती वाटली. एका केसमधून सोडवावं आणि बाईंनी फाटकातच दुसरी उभी करावी, असं नको व्हायला. चंपतराव वाट पाहत होते. वयानं लहान असेल त्यानं पहिले.

"मांगच्या वख्ती पहिले म्या म्हनलं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "ते घेऊन तुमी ठान्यात गेले. आता पहिले तुमी."

चंपतरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडे. टोपी काढली, पुन्हा घातली. कपाळावरचा व्रण मला तेव्हा जवळून दिसला.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

आता रीतीनं बाईंनी म्हणायचं. मी वाट पाहत राहिले, चंपतरावही राहिले. मनकर्णाबाईंनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"आयकलं," त्या म्हणाल्या. "उद्या अर्पिताले धाडा. अंडं मीच सोलून देतो."

"रोज पुसते ते तुमाले. बाई कुठं हाय म्हून रोज पुसते."

"मंग तिले काय सांगे तुमी?"

चंपतरावांनी पुन्हा टोपी काढली. मनकर्णाबाईंनी मान हलवली आणि टपरीकडे वळून एका किटलीत तीन चहा सांगितले.